घड्याळ बघून लावायचं मलम

बालमित्रांनो, आई फोडणी घालत असताना तुम्ही कधी ओट्याजवळ उभे राहिला आहात? तेलात मोहरी पडते, तडतडते आणि एखादा चुकार दाणा टपकन हातावर येऊन बसतो. कसा चटका बसतो, नाही का? आता कल्पना करा, असे शंभर-दीडशे दाणे एकापाठोपाठ एक तुमच्या गालावर उडताहेत आणि तुम्हाला मात्र जागचं हलायचंही नाही!

हे वर्णन माझं नाही बरं का. ते आहे माझ्या भाचीचं. माझी बहीण पुलगावला दिली आहे. पुलगाव म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं, वर्धा नदीकाठचं, मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचं गाव. लष्कराच्या मोठ्या दारूगोळा भांडारामुळे ते सगळ्या देशाला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे गेलो होतो. तेव्हा भाची आठवीत होती. एरवी मामा आला की ही पोरगी फाटकापर्यंत धावत येते. त्या दिवशी मात्र उशीत तोंड खुपसून पडलेली. आदल्याच दिवशी नागपूरला जाऊन तिने गालावरच्या डागावर लेझरचा पहिला उपचार घेतला होता.

"मामा, मी परत नाही जाणार. डाग राहिला तर राहिला!" ती म्हणाली.

"पण तुला बधिर करणारं मलम लावलं होतं ना?"

"लावलं होतं. काही उपयोग नाही त्याचा. नुसतं नावाचं!"

आता मला कोडं पडलं. मलम तर चांगलं होतं. जगभर वापरतात तेच औषध. मग ते आमच्याच पोरीवर का रुसलं? या कोड्याचा उलगडा करताना मला जे जे कळलं, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

ग्रहण, भाजी आणि एक जपानी डॉक्टर

आधी त्या डागाबद्दल. भाचीच्या डाव्या गालापासून कानशिलापर्यंत निळसर-राखाडी रंगाचा एक पट्टा आहे. शाई सांडून पुसली तर जशी झाक राहते, तसा. डोळ्याच्या पांढऱ्या भागातही थोडी निळी छटा आहे. हा डाग जन्मापासूनचा.

तिच्या आजीचं यावरचं मत ठरलेलं. "तुया मायनं गिऱ्हानात भाजी चिरली. म्या तं तवाच म्हनलं होतं, इळीले हात लावू नको!" आजी हे सहज बोलून जाते. पण माझी बहीण तेरा वर्षं हे ऐकत आली होती. मुलीच्या गालाकडे पाहिलं की तिला वाटायचं, हे माझ्यामुळेच झालं.

दोस्तांनो, जरा विचार करा. ग्रहण काही एका घराला लागत नाही. ते दिसतं तेव्हा लाखो घरांत भाज्या चिरल्या जातात. त्या सगळ्या घरांत डागवाली बाळं जन्मतात का? नाही. मग हा डाग येतो कसा?

आपल्या कातडीचा रंग ज्या पेशी तयार करतात, त्या कातडीच्या वरच्या थरात राहतात. बाळ आईच्या पोटात वाढत असताना या पेशी आतून प्रवास करत आपापल्या जागी पोहोचतात. काही पेशी मात्र वाटेतच, खालच्या थरात अडकून पडतात आणि तिथेच रंग बनवत बसतात. झाला डाग तयार! गाल, कपाळ आणि डोळ्याभोवतीच्या अशा डागाचं वर्णन १९३९ साली ओटा नावाच्या जपानी डॉक्टरांनी केलं, म्हणून त्याला 'ओटाचा डाग' म्हणतात. (आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याशी याचा काही संबंध नाही!) आशियातल्या लोकांत, आणि त्यातही मुलींत, तो जास्त दिसतो. काहींना तो जन्मतः असतो, तर काहींना वयात येताना उमटतो.

मग तो निळा का दिसतो? रंग तर काळपट-तपकिरी असतो. पण तो खोल असल्यामुळे त्याच्यावरच्या थरातून प्रकाशाचा निळा भाग विखरून आपल्या डोळ्यांकडे परत येतो आणि तांबडा भाग आत शोषला जातो. तुमच्या मनगटावरच्या शिरा पाहा. रक्त लाल असूनही त्या निळसर दिसतात की नाही? तोच हा प्रकाशाचा खेळ.

जन्मखुणा आणखीही प्रकारच्या असतात. पुष्कळ तान्ह्या बाळांच्या पाठीखाली निळे डाग दिसतात. ते बहुधा काही वर्षांत आपोआप पुसट होतात. काही बाळांना स्ट्रॉबेरीसारखी लाल, फुगीर गाठ येते. ती आधी वाढते आणि मग सावकाश विरत जाते. आणि काहींच्या चेहऱ्यावर द्राक्षाच्या दारूसारखा लालजांभळा सपाट डाग असतो. हजार बाळांमागे साधारण तिघांना तो असतो. त्यात कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. हा डाग आपणहून जात नाही. पोटात वाढताना एका जनुकात घडलेला बदल त्याच्या मुळाशी असतो, हे २०१३ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. म्हणजे इथेही विळी निर्दोष आणि आईही निर्दोष!

प्रकाशाचा नेमका फटका

१६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणिकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला. त्यानंतर थोड्याच वर्षांत लिऑन गोल्डमन या त्वचारोगतज्ज्ञांनी तो कातडीवर वापरून पाहिला. पण सुरुवातीच्या लेझरांनी डागाबरोबर आजूबाजूची कातडीही भाजायची.

१९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोघांनी यावर उपाय मांडला. तो समजायला तुम्हा विदर्भातल्या मुलांना मुळीच अवघड नाही. मे महिन्याच्या उन्हात काळा शर्ट घालून बाहेर पडलं तर काय होतं? अंगाची लाही होते. पांढरा घातला तर तेवढं होत नाही. काळा रंग जास्त प्रकाश पितो आणि जास्त तापतो. त्या दोघांनी म्हटलं, असा प्रकाश निवडा की तो डागातल्या रंगालाच जास्त तापवील. आणि तो इतका क्षणभर टाका की उष्णता शेजारी पसरायच्या आत काम उरकेल.

लाल डागासाठी रक्ताच्या रंगाला तापवणारा पिवळा किरण वापरतात. ओटाच्या डागासाठी खोलवर जाणारा, डोळ्यांना न दिसणारा किरण वापरतात. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग करा. त्यातल्या जेमतेम पाच-दहा भागांपुरता हा किरण चमकतो. तेवढ्यात रंगाचे कण तापून फुटतात. त्यांचा बारीक चुरा शरीरातल्या साफसफाई करणाऱ्या पेशी हळूहळू उचलून नेतात. म्हणून एका बैठकीत डाग जात नाही. दोन-तीन महिन्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा जावं लागतं.

आणि इथेच तर खरी अडचण होती. एकदा जाऊन भागणार असतं, तर भाचीने दात-ओठ खाऊन सोसलंही असतं. पण पहिल्याच खेपेला मुलगी घाबरली, तर पुढच्या पाच-सहा खेपा कोण करणार?

कातडी नावाची भिंत

मी तिला विचारलं, "मलम लावल्यावर किती वेळ थांबलात?"

"दहा मिनिटं असतील. गर्दी होती ना! एकीने पावडर-क्रीम चोपडतात तसं चोळलं, दुसरीने पुसलं आणि लगेच आत बोलावलं."

सापडला! कोड्याचं उत्तर त्या दहा मिनिटांत होतं.

आपली कातडी ही एक भिंतच आहे. तिच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या, चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटी तेलकट पदार्थाने लिंपलेल्या असतात. म्हणून तर पावसात भिजलं तरी पाणी आपल्या अंगात शिरत नाही. पण जे पाण्याला आत येऊ देत नाही, ते औषधाला तरी कसं येऊ देईल? दात काढताना डॉक्टर हिरडीत जे बधिर करणारं इंजेक्शन देतात ना, तेच औषध पाण्यात विरघळवून गालावर लावलं, तर ते बाहेरच बसून राहील.

या औषधाचं नाव लिडोकेन. त्याच्या जन्माची गोष्ट मोठी मजेदार आहे. १९३०च्या दशकात स्वीडनमधले रसायनशास्त्रज्ञ बार्लीच्या रोपांतल्या एका पदार्थाचा अभ्यास करत होते. तो प्रयोगशाळेत बनवायला गेले आणि बनला त्याचा भलताच भाऊ! होल्गर एर्डमन यांनी त्याची चव घेतली, तर जीभ बधिर झाली. लवंग चघळल्यावर किंवा अक्कलकारा जिभेवर ठेवल्यावर होते तशी. या धाग्यावरून पुढे जात १९४३ साली स्टॉकहोममध्ये निल्स लोफग्रेन यांनी लिडोकेन तयार केलं. त्यांचा तरुण सहकारी बेंग्त लुंडक्विस्ट याने ते टोचून घेऊन स्वतःवरच तपासलं. १९४८ साली ते 'झायलोकेन' या नावाने बाजारात आलं. (चव घेऊन रसायन ओळखायचा उद्योग तुम्ही मात्र चुकूनही करू नका हं!)

पण ते सुईनेच द्यावं लागे. अख्ख्या गालावर सुया टोचायच्या, म्हणजे रोगापेक्षा उपाय भयंकर! न टोचता ते कातडीतून आत कसं जाईल?

आजीची अमृतधारा

उत्तर मिळालं एका जुन्या युक्तीतून. ती तुमच्या आजीलाही ठाऊक असेल. पुष्कळ घरांत 'अमृतधारा' नावाची छोटी बाटली असते. त्यात तीन गोष्टी असतात: कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल. तिन्ही कोरडे, घट्ट खडे. पण तिन्ही एकत्र बाटलीत घालून हलवले, की थोड्या वेळात त्यांचं पाणी होतं! ना उष्णता, ना पाण्याचा थेंब. जादू वाटते, पण ते शास्त्र आहे. काही पदार्थ एकमेकांत मिसळले की दोघांचाही वितळण्याचा बिंदू खाली येतो.

लिडोकेन वितळतं ६८ अंश सेल्सिअसला. त्याचंच एक भावंड आहे प्रिलोकेन. ते वितळतं ३८ अंशांच्या आसपास. दोन्ही सारख्या वजनाने एकत्र केली, तर ते मिश्रण १८ अंशांच्या आसपासच वितळतं. म्हणजे आपल्या नेहमीच्या हवेत ते तेलासारखं पातळ राहतं! हे तेल पाण्यात बारीक थेंबांच्या रूपात घुसळून पांढरं मलम बनवलं. दुधात स्निग्धांश असतो ना, तसं. मलमात दोन्ही औषधं अडीच-अडीच टक्केच असतात. पण प्रत्येक थेंबात मात्र औषध ठासून भरलेलं. तेलकट असल्यामुळे ते विटांमधल्या तेलकट फटींतून आत झिरपतं. स्वीडनच्याच आस्त्रा कंपनीने १९८०च्या दशकात हे मलम बाजारात आणलं. अमेरिकेत त्याला १९९२ साली परवानगी मिळाली.

मात्र झिरपायला वेळ लागतो. एक तास ठेवलं तर औषध साधारण तीन मिलिमीटर खोलवर काम करतं. दोन तास ठेवलं तर पाच मिलिमीटरपर्यंत. आणि दहा मिनिटांत? दहा मिनिटांत ते बिचारं अजून दारातच उभं असतं. आमच्या भाचीच्या गालावर ते दारात उभं असतानाच पुसलं गेलं होतं.

आत गेल्यावर ते करतं तरी काय?

चटका बसला की त्याची बातमी मज्जातंतूतून मेंदूकडे धावते. मज्जातंतूच्या भिंतीत सूक्ष्म दारं असतात. ती एकामागून एक उघडतात आणि त्यातून सोडियमचे कण आत शिरतात. तसतशी बातमी पुढे सरकत जाते. पुलगाव स्टेशनवर गाडी यायची असली की एकेक सिग्नल कसा हिरवा होत जातो, तसंच. लिडोकेन ही दारं आतून अडवून ठेवतं. दारं उघडली नाहीत, तर बातमी तिथेच थांबते. चटका बसतो, पण मेंदूला पत्ताच लागत नाही!

यातही एक गंमत आहे. दुखण्याची बातमी नेणारे तंतू बारीक असतात. ते आधी बंद पडतात. दाबाची बातमी नेणारे तंतू जाड असतात आणि ते बरेचदा चालू राहतात. म्हणून बधिर झालेल्या जागेला हात लावला तर लावल्याचं कळतं, पण टोचलेलं जाणवत नाही.

पुन्हा नागपूरची गाडी

हे सगळं मी भाचीला समजावून सांगितलं. ती ऐकत होती, पण "चल" म्हटल्यावर मान काही हलेना. मीही आग्रह केला नाही. पुढे तीन महिन्यांनी तीच म्हणाली, "मामा, पूर्ण एक तास ठेवणार असतील तर मी एकदा बघते. पण दुखलं तर मी 'थांबा' म्हणणार आणि त्यांनी थांबायचं."

या वेळी आम्ही दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. निघण्यापूर्वी मला एक शहाणपण सुचलं होतं. पुलगाव ते नागपूर गाडीने दोनेक तास. मग घरूनच मलम लावून निघालं तर? वर्धा, सेवाग्राम येईपर्यंत गाल बधिर, आणि वेळही वाचेल! डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मुळीच नाही. ते आमच्यासमोर लावायचं. का, ते आल्यावर सांगते."

रुग्णालयात पोहोचल्यावर त्यांनी आधी भाचीलाच विचारलं, "डाग तुला काढायचा आहे, की घरच्यांना?" आजवर हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला. पण शाळेतल्या मुली चिडवतात म्हणून नाही. मलाच नकोय." बाईंनी मान डोलावली. मग त्यांनी सांगितलं की या डागाने काही अपाय होत नाही. नाही काढला तरी चालतो. फक्त डोळ्यात रंग असल्याने वर्षातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्याचा दाब मोजून घ्यायचा. त्यात चालढकल नको.

सिस्टरने गाल स्वच्छ करून मलमाचा जाड थर दिला. चोळला नाही, नुसता ठेवला. पुरणपोळीवर तुपाचा गोळा ठेवावा तसा! डोळ्याच्या अगदी जवळ मात्र लावला नाही, कारण हे मलम डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते. त्यावर पारदर्शक पातळ पट्टी चिकटवली. पट्टीखाली मलम वाळत नाही आणि आत चांगलं झिरपतं. आणि मग सिस्टरने पट्टीवर पेनाने वेळ लिहिली: १०.४०.

भाची घड्याळासमोर बसून राहिली. पंधरा मिनिटं झाली, काही नाही. अर्ध्या तासाने म्हणाली, "गाल जाड झाल्यासारखा वाटतोय." पट्टी काढली तेव्हा कातडी पांढुरकी पडली होती. ती घाबरली. पण रक्तवाहिन्या थोड्या आक्रसल्यामुळे असं होतं, मग रंग परत येतो, असं सिस्टरने सांगितलं. लाल डागांच्या बाबतीत डॉक्टरांना हीच शंका आली होती. रक्तवाहिन्याच आक्रसल्या तर लेझर नेम कशावर धरणार? म्हणून त्यांनी ते तपासून पाहिलं. मलमामुळे उपचाराच्या परिणामात फरक पडत नाही, असं १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आलं.

११.४० झाले. मलम पुसलं. बाईंनी पेनाच्या टोपणाने गाल हळूच टोचून विचारलं, "काय वाटतं?" "दाबताय, एवढंच." डोळ्यांवर काळं झाकण चढलं. आत होतो त्या सगळ्यांनी चष्मे घातले. टक्, टक्, टक्... मी तिचा हात धरून आकडे मोजत होतो. शंभराच्या पुढे गेल्यावर तिने दोनदा "थांबा" म्हटलं. दोन्ही वेळा बाई थांबल्या, बर्फाची पिशवी गालावर धरली आणि पुन्हा सुरू केलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय गं, मोहरी उडाली का?"

"उडाली. पण मी रजई पांघरली होती!"

म्हणजे अजिबात कळलं नाही, असं नव्हे. मलमाने दुखणं पुसून जात नाही. ते सोसवेल इतकं कमी होतं. म्हणून सोबत थंडावा देतात. अगदी लहान बाळांना किंवा डाग फार मोठा असेल तर भूलतज्ज्ञ पूर्ण भूल देतात. ते डॉक्टरांनी ठरवायचं असतं.

रुग्णालयातच का लावायचं?

आता बाईंनी सांगितलेलं कारण ऐका. हे मलम दिसतं साध्या क्रीमसारखं. ट्यूबमध्ये येतं, औषधाच्या दुकानात मिळतं. त्यामुळे माणूस गाफील राहतो. पण कातडीतून आत गेलेलं औषध शेवटी रक्तात जातं. थोडं गेलं तर चिंता नाही. मोठ्या भागावर, जाड थर, वरून घट्ट गुंडाळून फार वेळ ठेवलं, तर ते मेंदू आणि हृदयापर्यंत जास्त प्रमाणात पोहोचतं. मग झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली असा इशारा दिला. २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणींनी लेझरने केस काढून घेण्यासाठी पायांना बधिर करणारं तीव्र मलम लावलं आणि वरून प्लास्टिक गुंडाळलं. दोघींना झटके आले. त्या बेशुद्ध झाल्या आणि पुढे त्यांचा मृत्यू झाला. त्यांची मलमं औषधाच्या दुकानांत तयार केलेली, नेहमीपेक्षा कितीतरी तीव्र होती.

तान्ह्या बाळांना धोका वेगळा. मलमातलं प्रिलोकेन रक्तातल्या तांबड्या रंगद्रव्यात बदल घडवू शकतं. मग ते प्राणवायू नीट पोहोचवू शकत नाही आणि ओठ-नखं निळी पडतात. म्हणून तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एकूण एक ग्रॅमच मलम, तेही तीन सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनाहून जराशाच मोठ्या जागेवर आणि जास्तीत जास्त एक तास, अशी मर्यादा घातलेली आहे. वय आणि वजन वाढेल तशी ती वाढते.

हे ऐकल्यावर, गाडीत भाचीच्या गालावर मलम लावून बसायचा माझा बेत आठवून मीच मान खाली घातली. धावत्या गाडीत काही झालं असतं तर कुणाला हाक मारली असती?

विदर्भाचं ऊन आणि थोडा धीर

उपचारानंतर आठवडाभर गालावर खपली होती. ती नखाने काढायची नाही, अशी सक्त ताकीद. दुसरी ताकीद उन्हाची. ताज्या जागेवर ऊन लागलं तर नवे काळे डाग पडतात. आपल्या सावळ्या कातडीत वरच्या थरातही भरपूर रंग असतो. तोही लेझरचा प्रकाश पितो. त्यामुळे आधी छोट्या जागेवर चाचणी घेतात आणि ताकद बेताने वाढवतात. म्हणून पुढच्या बैठका दिवाळीनंतरच्या थंडीत घ्यायच्या, आणि मे महिन्यात, जेव्हा पुलगावचा डांबरी रस्ताही मऊ होतो, तेव्हा विश्रांती, असं आम्ही ठरवलं. भाची आता टोपी आणि दुपट्ट्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

आजवर पाच बैठका झाल्या. डाग गेला का? पूर्ण नाही. गडद निळ्याचा फिका राखाडी झाला आहे. अजून दोन-तीन खेपा लागतील. पण आता ती स्वतःच तारीख लक्षात ठेवते आणि स्वतःच सिस्टरना म्हणते, "ताई, पट्टीवर वेळ लिहा." गेल्या खेपेला शेजारच्या खुर्चीत एक लहान मुलगा रडत होता. त्याचे वडील त्याला म्हणत होते, "मुलं कुठं रडतात का?" भाचीने त्याला आपल्या पट्टीवरचे आकडे दाखवले आणि घड्याळ कसं वाचायचं ते शिकवत बसली.

आणि माझ्या बहिणीचं? पहिल्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी पोटातल्या पेशींच्या प्रवासाचं चित्र काढून दाखवलं होतं. तो कागद तिने घडी घालून कपाटात जपून ठेवला आहे. आजी अजून अधूनमधून गिऱ्हाणाचं बोलते. आता बहीण हसून म्हणते, "आई, थांबा, तुम्हाले चित्र दाखवते!"

दोस्तांनो, तुमच्या किंवा तुमच्या भावंडाच्या अंगावर अशी खूण असेल, तर ती लपवायची गरज नाही आणि ती काढलीच पाहिजे असंही नाही. पण काढायची असेल तर नीट माहिती करून घ्या. वर्धा जिल्ह्यातल्या मुलांना तर सेवाग्राम आणि सावंगी इथली वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं जवळच आहेत. तिथल्या त्वचारोग विभागात दाखवून सल्ला घेता येतो. आणि दुखतं असं सांगायला लाजू नका. सोसणं हा काही पराक्रम नाही. दुखणं कमी करायला माणसांनी बार्लीच्या रोपापासून किती लांबचा प्रवास केला, ते तुम्ही आत्ताच वाचलंत.

डॉक्टरांना हे नक्की विचारा

• मलम किती वाजता लावलं? किती वेळ ठेवायचं? वर पट्टी लावणार का?

• माझ्या वयाला आणि वजनाला किती मलम चालतं?

• याआधी बधिर करणाऱ्या औषधाने त्रास झाला असेल, किंवा दुसरं कुठलं औषध चालू असेल, तर ते आधीच सांगा.

• घरून लावून यायला डॉक्टरांनी स्वतः सांगितलं नसेल, तर लावू नका. फुटलेल्या, खरचटलेल्या कातडीवर आणि डोळ्यांजवळ लावू नका.

• मलम लावल्यावर चक्कर आली, कानात आवाज आला, जीभ जड वाटली किंवा ओठ निळे दिसले, तर ते लगेच पुसून टाका आणि डॉक्टरांना बोलवा.

• "दुखलं तर मी थांबा म्हणेन, चालेल ना?" हे सगळ्यात आधी विचारा.

करून पाहा

आई-बाबांना सोबत घ्या. काचेच्या लहान बाटलीत कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल सारख्या प्रमाणात घाला. झाकण लावून हलवा आणि घड्याळ लावून बसा. तीन घट्ट खड्यांचं पाणी व्हायला किती मिनिटं लागली, ते वहीत लिहा. मात्र बाटलीतलं काही तोंडात घालू नका, डोळ्यांना हात लावू नका आणि लहान भावंडांच्या हाती बाटली लागू देऊ नका. कापूर पोटात गेला तर विषबाधा होते.